सगळेच लोभी नव्हते

काल रात्री जेवताना भाच्याशी माझं वाजलं. पोरगा एमबीए करतोय, फायनान्स घेतलंय, हुशार आहे, माझा लाडका आहे, म्हणूनच राग जास्त आला. कॉलेजात त्यांना 'इनसाइड जॉब' दाखवली, २००८ च्या आर्थिक संकटावरची डॉक्युमेंटरी, चार्ल्स फर्ग्युसनची, ऑस्कर मिळालेली. मी उत्साहाने विचारलं कशी वाटली रे, तर भाकरी मोडत म्हणतो, "भारी आहे मावशी, पण एकतर्फी आहे. बँकवाले लोभी होते मान्य, पण लोकांनी परवडत नसताना घरं घेतलीच कशाला? सगळेच लोभी होते शेवटी." आणि वर, "आमचे सर पण हेच म्हणाले."

मी दोन वाक्यं बोलले, आवाज चढला, ताईने आमटी वाढायच्या निमित्ताने विषय बदलला. घरी आले तर झोप येईना. मग तीच डॉक्युमेंटरी परत लावली, शेवटपर्यंत बघितली, आणि आता ऑफिसला जायच्या आधी हे लिहायला बसलेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

जुन्या मित्रमंडळींना माहितीये, मी तेव्हा पुण्यात एका बीपीओत होते. कंपनीचं नाव सांगत नाही, गरज नाही. प्रोसेस कलेक्शन्सचा होता, अमेरिकेतल्या होम लोनचा. म्हणजे ज्यांचे हप्ते थकले त्यांना फोन लावायचे. तीस दिवस थकले की थर्टी बकेट, साठ झाले की सिक्स्टी बकेट, मग नाइन्टी, आणि त्यानंतर फाइल फोरक्लोजरवाल्यांकडे, म्हणजे घर जप्त करणाऱ्यांकडे. संध्याकाळी सुमो न्यायला यायची, पहाटे सोडायची. डायलर आपोआप नंबर लावायचा, हेडसेटमध्ये बीप वाजली की समोर माणूस आलेला असायचा आणि आपण नॅन्सी. आधी कायद्याने ठरवून दिलेली ओळ वाचायची, की हा फोन वसुलीसाठी आहे, तुम्ही जे सांगाल ते त्यासाठी वापरलं जाईल. मग विचारायचं, पैसे कधी भरताय. तारीख दिली की ते 'प्रॉमिस टू पे', पीटीपी. सगळं टार्गेट पीटीपीवर.

२००७ च्या पावसाळ्यात माझ्या सिक्स्टी बकेटमध्ये ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या एक बाई होत्या. साठीच्या, एका नर्सिंग होमच्या लॉन्ड्रीत कामाला. अकाउंट उघडलं की उजवीकडे नोट्सचा कॉलम दिसायचा, आधीच्या एजंटांनी टाइप केलेला. 'बॉरोअर क्राइंग. नो पीटीपी.' त्याखाली दोन दिवसांनंतरची नोट, दुसऱ्या कोणाची तरी, 'बॉरोअर क्राइंग. विल कॉल बॅक.' असं स्क्रोल करत जावं तितकं.

त्या बाईंनी घर विकत घेतलेलंच नव्हतं. हे काल भाच्याला सांगायचं राहिलं. घर जुनं, नवरा फॅक्टरीत असताना घेतलेलं, कर्ज जवळजवळ फिटलेलं. छत गळायला लागलं, दुरुस्तीला पैसे हवे होते, तेवढ्यात एक ब्रोकर दारात आला. म्हणाला जुनं कर्ज बंद करून नवीन करून देतो, वर छताचे पैसे रोख हातात. बाईंनी सही केली. पहिली दोन वर्षं हप्ता ६४० डॉलर, आणि दोन वर्षांनी रीसेट झाला तो थेट १,०८०. त्या मला फोनवर परत परत तेच सांगत होत्या, तो म्हणाला होता हप्ता बदलणार नाही, तो म्हणाला होता बदलणार नाही.

ह्यात लोभ कुठे आहे ते मला कोणीतरी दाखवा. पावसाचं पाणी घरात येऊ नये एवढंच त्या बाईंना हवं होतं.

हे असले कर्जांचे प्रकार तेव्हा सर्रास होते. पहिली दोन वर्षं कमी व्याज, पुढची अठ्ठावीस वर्षं बाजारभावाने, आणि मध्येच कर्ज फेडून मोकळं व्हायचं म्हटलं तर बऱ्याचदा वर दंड. ब्रोकरला कमिशन कशावर मिळायचं? गिऱ्हाइकाला जितक्या महागड्या व्याजाचं कर्ज गळ्यात मारेल तितकं जास्त. म्हणजे ज्या माणसाला चांगलं, स्वस्त कर्ज मिळू शकलं असतं त्यालाही मुद्दाम सबप्राइममध्ये, म्हणजे पत कमी असलेल्यांसाठीच्या महागड्या कर्जात, ढकललं की ह्याची कमाई वाढणार. डॉक्युमेंटरीत हे सगळं सांगितलंय, तुम्ही बघितली नसेल तर बघा, दोन तासांच्या आत संपते.

आणि मग पुढचा भाग, जो मला तेव्हा अजिबात कळला नव्हता. एका कॉलला त्या बाई रडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "मला तू सांग, माझं कर्ज आता आहे कोणाकडे? मी त्यांच्याशी बोलते. मी आठशे भरू शकते. आठशे दर महिन्याला भरेन, त्यांना विचार चालेल का." किती साधी मागणी. हजाराच्या वर नाही जमत, आठशे जमतात, घर राहू दे. आपल्याकडे गावातला सावकारसुद्धा यावर बोलायला तरी बसेल. मी स्क्रीनवर बघितलं. 'इन्व्हेस्टर' म्हणून एक रकाना होता, त्यात कसल्यातरी ट्रस्टचं लांबलचक नाव, शेवटी २००६ आणि दोन-तीन अक्षरं. फोन नंबर नाही, पत्ता नाही, माणसाचं नाव नाही. टीम लीडरला विचारलं तर म्हणाला, ते आपलं काम नाही, पीटीपी घे आणि पुढचा कॉल घे, हँडल टाइम, म्हणजे एका कॉलला लागणारा वेळ, वाढतोय.

तो ट्रस्ट म्हणजे काय हे मला पुढे कित्येक वर्षांनी ही डॉक्युमेंटरी बघताना नीट समजलं. ब्रोकरने कर्ज लावून दिलं, कमिशन घेतलं, बाजूला झाला. कर्ज देणाऱ्या कंपनीने ते वॉल स्ट्रीटच्या बँकेला विकलं, ती बाजूला झाली. बँकेने अशी हजारो कर्जं एकत्र करून त्याचे रोखे बनवले, त्या रोख्यांचे तुकडे परत एकत्र करून सीडीओ नावाचे आणखी नवे रोखे बनवले, फी घेतली आणि जगभर विकून टाकले, तीही बाजूला. मूडीज, स्टँडर्ड अँड पुअर्स, फिच ह्या रेटिंगवाल्यांनी त्यावर ट्रिपल एचे शिक्के मारले, म्हणजे सरकारी रोख्यांच्या रांगेत नेऊन बसवलं, आणि त्यांची फी कोण देत होतं तर रोखे विकणारी बँकच. नंतर अमेरिकन संसदेपुढे विचारलं तर हे लोक सरळ म्हणतात, आमचं रेटिंग म्हणजे फक्त आमचं मत आहे. मत! पेन्शन फंडांनी लोकांच्या म्हातारपणाचा पैसा त्या मतावर लावला होता.

ह्या अख्ख्या साखळीत प्रत्येकाला आपला धोका पुढच्याच्या गळ्यात घालायची सोय होती. एकट्या त्या बाईंना नव्हती, कारण त्या घरात राहत होत्या. म्हणून 'सगळेच लोभी' हे वाक्य मला सहन होत नाही. ह्या एका वाक्यात ब्रोकर, सीईओ आणि लॉन्ड्रीत चादरी धुणारी बाई एका रांगेत उभी राहतात, आणि मग कोणालाच काही विचारायची गरज उरत नाही.

हो, खोटं उत्पन्न दाखवून कर्ज घेणारेही होते. फ्लोरिडात, कॅलिफोर्नियात पाच-पाच घरं घेऊन भाव वाढायची वाट बघणारेही होते. मान्य. पण खोटं उत्पन्न लिहिलेला कागद न तपासता मंजूर करणारा कोण होता, आणि तो का तपासत नव्हता, हे विचारा ना आधी. त्याला ते कर्ज महिनाभरसुद्धा स्वतःकडे ठेवायचं नव्हतं म्हणून.

आता गोल्डमन सॅक्स ह्या वॉल स्ट्रीटच्या बड्या बँकेबद्दल. हे बघताना काल रात्री मी अक्षरशः पॉज करून घरात फेऱ्या मारल्या. एकीकडे गिऱ्हाइकांना हे रोखे विकत होते आणि दुसरीकडे तेच रोखे बुडतील यावर स्वतः पैसे लावत होते. म्हणजे दूधवाल्याने दुधात घाण पाणी घालून घरोघर रतीब घालायचा आणि ह्या आळीतली पोरं आजारी पडणार अशी बाहेर पैज लावायची. २०१० मध्ये सिनेटच्या चौकशीत कार्ल लेविन त्यांना विचारतायत की तुमच्याच लोकांनी इमेलमध्ये ज्याला घाण म्हटलंय ते तुम्ही गिऱ्हाइकाला विकत होतात की नाही, आणि समोरचे सुटाबुटातले लोक कागद चाळतायत. शेवटी काय झालं? त्याच वर्षी सेबीसारख्या तिथल्या एसईसीशी ५५ कोटी डॉलरवर तडजोड. गुन्हा कबूल न करता.

आणि एआयजी, अमेरिकेतली बडी विमा कंपनी. त्यांच्या लंडनच्या ऑफिसातून जोसेफ कसानो नावाचा माणूस ह्या रोख्यांचे विमे विकत होता, क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप, आणि नुकसान झालंच तर भरायला पैसे बाजूला ठेवलेलेच नाहीत. १६ सप्टेंबर २००८ ला सरकारला ८,५०० कोटी डॉलर देऊन ती कंपनी वाचवावी लागली. त्याच वर्षी कसानोला कंपनीतून काढल्यावरसुद्धा सल्लागार म्हणून महिन्याला १० लाख डॉलर चालू होते. मेरिल लिंच ह्या बँकेचे प्रमुख स्टॅन ओनील कंपनीचा तोटा करून २००७ मध्ये बाहेर पडले ते १६ कोटी डॉलरच्या वर घेऊन.

इथे बाई आठशे भरते म्हणत होत्या आणि त्यांना उत्तर द्यायला कोणी नव्हतं. मला लिहितानासुद्धा घाम फुटतोय रागाने.

बँका वाचवायला दिलेले बरेचसे पैसे सरकारला पुढे परत मिळाले, एआयजीच्या बाबतीत तर वर फायदाही झाला, हे मला माहितीये, कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच म्हणून आधीच लिहिते. बरं झालं. घरं नाही मिळाली परत कोणाला.

"आमचे सर पण हेच म्हणाले" ह्याबद्दल जरा बोलायचंय. बाळा, तू हे वाचशील, तुझी आई तुला पाठवेलच. तुझे सर वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये, मी त्यांना ओळखतही नाही. पण ज्या डॉक्युमेंटरीला ते एकतर्फी म्हणाले तिचा शेवटाकडचा मोठा भाग कोणावर आहे ते तू झोपेत बघितलंस का? प्राध्यापकांवर आहे तो. फ्रेडरिक मिश्किन, कोलंबिया विद्यापीठ, ज्यांचं बँकिंगचं जाडजूड पुस्तक तुमच्यातले कितीतरी जण वाचतात. आइसलंडच्या चेंबर ऑफ कॉमर्सने त्यांना १,२४,००० डॉलर दिले आणि त्यांनी २००६ मध्ये आइसलंडची अर्थव्यवस्था कशी भक्कम आहे यावर अहवाल लिहिला. दोन वर्षांत, ऑक्टोबर २००८ मध्ये, त्या देशातल्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. नंतर त्यांच्या बायोडेटात त्या अहवालाच्या नावात 'स्थैर्य'च्या जागी 'अस्थैर्य' आलं होतं, फर्ग्युसन विचारतो हे कसं काय, तर म्हणतात टायपिंगची चूक असेल. आणि संकट ऐन भरात असताना फेडरल रिझर्व्हचं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचं, पद का सोडलंत विचारलं तर म्हणतात, पुस्तकाची नवी आवृत्ती करायची होती. ग्लेन हबर्ड, त्याच कोलंबिया बिझनेस स्कूलचे तेव्हाचे डीन, कोणाकोणाकडून पैसे घेता एवढं विचारल्यावर इतके चिडले की तीन मिनिटं उरलीत, काय विचारायचं ते विचारून घ्या, असं कॅमेऱ्यासमोर म्हणाले.

हे बघून हसायला येत नाही मला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, हेडसेट लावून एका अनोळखी बाईंना ओरडा पडेपर्यंत फोन करत होते, आणि त्याच काळात जगातल्या सगळ्यात मोठ्या विद्यापीठांतले लोक सगळं छान चाललंय म्हणून लिहीत होते, त्यातले काही पैसे घेऊन.

आणि सांगणारं कोणी नव्हतं असंही नाही. आपले रघुराम राजन. २००५, जॅक्सन होल, अमेरिकेतल्या सेंट्रल बँकवाल्यांची ती मोठी परिषद, फेडरल रिझर्व्हचे प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन निवृत्त होणार म्हणून त्यांच्या गौरवाचा कार्यक्रम. राजन तेव्हा आयएमएफचे मुख्य अर्थतज्ज्ञ. सगळे कौतुकं करतायत आणि हा माणूस उभा राहून सांगतो, की तुम्ही बँकवाल्यांना आजच्या नफ्यावर बोनस देताय आणि उद्याच्या नुकसानीचा त्यांना काही फटका नाही, ह्यातून मोठा स्फोट होऊ शकतो. अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्सनी तिथल्या तिथे त्यांना प्रगतीला घाबरणाऱ्यांत काढलं. तेच समर्स २००९ मध्ये ओबामांचे आर्थिक सल्लागार झाले. डॉक्युमेंटरीत राजन किती शांतपणे बोलतात हे बघा, आवाज चढत नाही एकदाही. मला नाही जमत.

लेहमन ब्रदर्स १५ सप्टेंबर २००८ ला बुडाली. वॉल स्ट्रीटची बडी बँक, १५८ वर्षांची कंपनी. आपल्याकडे लोकांना वाटतं हे सगळं न्यूयॉर्कमध्ये झालं, पण लेहमनचं मोठं बॅक ऑफिस मुंबईत पवईला होतं, हिरानंदानीत, आपलीच मराठी पोरंपोरी तिथे होती, माझी एक कॉलेजमधली मैत्रीण होती. नंतर ते जपानच्या नोमुरा कंपनीने घेतलं म्हणून बऱ्याच जणांच्या नोकऱ्या वाचल्या. आमच्या नाही वाचल्या. आमचा प्रोसेस दिवाळीच्या तोंडावर बंद झाला, एकेकाला केबिनमध्ये बोलावून एक पाकीट दिलं आणि हेडसेट जमा करून घेतला. डॉक्युमेंटरीत सांगितलंय की लेहमनच्या वरच्या पाच जणांनी २००० ते २००७ मध्ये मिळून १०० कोटी डॉलरच्या वर कमावले आणि कंपनी बुडाल्यावर ते पैसे त्यांच्याकडेच राहिले. आमच्या फ्लोअरवरच्या शंभरेक पोरांना एका महिन्याचा पगार.

पण त्याचं मला तितकं काही नाही. आम्ही तरुण होतो, दुसरी नोकरी मिळाली, लग्न झालं, ईएमआय भरतोय सगळे. त्या बाईंचं अकाउंट २००८ च्या सुरुवातीलाच माझ्या लिस्टमधून गेलं होतं. स्टेटसच्या जागी दोन अक्षरं, एफसी. फोरक्लोजर. एकदा एफसी झालं की डायलर तो नंबर लावत नाही. माझी एकच तक्रार आहे ह्या डॉक्युमेंटरीबद्दल, की कर्ज घेणाऱ्या माणसांना तिच्यात फार कमी वेळ मिळालाय. बँकर, मंत्री, प्राध्यापक, लॉबीवाले सगळे आहेत, आणि फ्लोरिडात तंबूत राहणारे लोक जरा वेळ दिसतात. आणखी दिसायला हवे होते. मग 'परवडत नसताना घरं घेतलीच कशाला' असं कोणी भाकरी मोडता मोडता म्हणाला नसता.

आणि हा प्रश्न आपल्याकडेही येतो बरं का, अगदी ह्याच शब्दांत. सप्टेंबर २०१९, मुंबईतली पीएमसी ही को-ऑपरेटिव्ह बँक. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील म्हणून सांगितलं. मुंबईत लोक शाखांबाहेर उभे, हातात पासबुकं, कोणाचं ऑपरेशन अडकलं, कोणाच्या मुलीचं लग्न. तपासात काय आलं, तर एकाच बिल्डर ग्रुपला, एचडीआयएलला, बँकेच्या कर्जातला निम्म्याहून कितीतरी जास्त वाटा दिलेला आणि तो लपवायला २१ हजारांहून जास्त बनावट खाती. आणि तेव्हा आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं होतं, अर्धा टक्का जास्त व्याजासाठी को-ऑपरेटिव्ह बँकेत ठेवतातच कशाला लोक. अहो काका, घराजवळ शाखा होती, मराठीत बोलणारा क्लार्क होता, आईचं पेन्शन तिथे यायचं, म्हणून ठेवतात. तेव्हा ठेवींना विम्याचं संरक्षणही एका लाखापर्यंतच होतं, २०२० मध्ये ते पाच लाख झालं. ओरडले म्हणून झालं, लक्षात ठेवा.

तुरुंगात कोण गेलं हे विचारा तुमच्या भाच्या-पुतण्यांना. अमेरिकेत मोठ्या बँकांच्या प्रमुखांपैकी एकही नाही. क्रेडिट स्विस बँकेतला करीम सेरागेल्डिन नावाचा एक ट्रेडर अडीच वर्षांसाठी गेला, बास. फर्ग्युसनने ऑस्कर घेताना स्टेजवर उभं राहून हेच म्हटलं होतं, की तीन वर्षं झाली, आर्थिक क्षेत्रातला एकही बडा अधिकारी आत गेलेला नाही आणि हे चूक आहे. तिकडे तेव्हा सव्वातीन लाख लोकवस्ती असलेल्या आइसलंडने आपल्या बँकप्रमुखांना खटले चालवून आत टाकलं. म्हणजे जमत नाही असं नाहीये. सगळेच लोभी म्हटलं की मात्र खटला चालवायचा तरी कोणावर?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. भाच्याला सकाळी मेसेज केलाय, रविवारी घरी ये, परत एकदा सोबत बघू, प्राध्यापकांच्या भागाला मी पॉज करणार आणि तू मला सीडीओ नीट समजावून सांगायचास, कारण ते गणित त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं, हे खरंय. "हो मावशी, पण तू ओरडायचं नाहीस" असं उत्तर आलंय.

आणि अजून एक. २००६ ते २००८ मध्ये पुण्यात, मुंबईत, कुठेही अमेरिकन होम लोनच्या कलेक्शन्सवर ज्यांनी काम केलंय त्यांनी प्लीज इथे लिहा किंवा मला मेसेज करा. आपल्या फ्लोअरवरच्या कोणाशीच माझा संपर्क उरलेला नाही. तो 'इन्व्हेस्टर'चा रकाना आणखी कोणाला आठवतोय का, तुमच्या स्क्रीनवर तिथे काय लिहिलेलं असायचं, आणि कोणी गिऱ्हाईक कमी हप्ता भरायला तयार असताना तुमच्याकडे कोणाला कधी 'हो' म्हणता आलं होतं का, हे मला जाणून घ्यायचंय. एकालाही आलं असेल तर त्याने आधी लिहा.